सॉना कुठं बसवायचा

दार सताड उघडं होतं, पण आत शिरायला वाट नव्हती. बोळात एका अख्ख्या खोलीचे तुकडे भिंतीला टेकवून ठेवले होते. लाकडी भिंती, दोन बाकडी, काचेचं एक दार, विजेची एक बुटकी शेगडी आणि तिच्यावर रचायच्या दगडांनी भरलेली बादली. दादा अंग चोरून, पोट आत ओढून त्यातून सरकला. मागून बायको म्हणाली, "पोट आत घेतलंत तसं तोंडही आत ठेवा आज."

"मी कशाला बोलतोय? जागा बघायला बोलावलंय, जागा बघणार आणि निघणार."

"हो तर. चार वर्षं या उंबऱ्याकडं ढुंकून पाहिलं नाहीत, आणि आज एका निरोपावर दाढी करून निघालात. जागाच बघायला!"

दादानं पान्ह्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

चार वर्षांपूर्वीचं ते न्हाणीघराचं भांडण घरातल्या मांजरालासुद्धा पाठ होतं. आप्पा फरशीवाले, दादा नळवाला. बापलेक एकाच कामावर. आप्पांनी एका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात फरशी घातली आणि उतार चुकला. पाणी मोरीकडं जायचं सोडून दाराशी येऊन बसायला लागलं. आप्पा म्हणाले, "फरशी बसू द्या, जाईल पाणी." झालं, गिऱ्हाईक मान डोलवत होतं. तेवढ्यात दादा म्हणाला, "फरशी बसत नसते आप्पा, उतार उलटा आहे." गिऱ्हाइकानं सगळी फरशी उपटायला लावली. आप्पा घरी आल्यावर म्हणाले, "या घरात एक तर मी राहीन, नाहीतर तुझी जीभ." दादा जीभ घेऊन बाहेर पडला. बायकोही. शिलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत संसार मांडला, आणि तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही. दोघांचंही खरं होतं आणि दोघंही गाढव होते, असं आत्याचं मत. ते ती कुणीही न विचारता सांगायची.

आत आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिनं मान वर केली, लेकाकडं पाहिलं आणि म्हणाली, "बारीक झालास."

"नाही गं, उलट वाढलोय."

"मग तुझा शर्ट आखूड झाला असेल," आई म्हणाली आणि पुन्हा घडी घालायला लागली. पण तीच घडी तिनं तीनदा घातली.

तेवढ्यात मासोळी धावत आली. मासोळी म्हणजे धाकटी बहीण, तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवते. तलाव दुरुस्तीला काढला, तिथला जुना सॉना, म्हणजे अंग शेकायची लाकडी खोली, फेकून देणार होते, तो हिनं मागून घेतला आणि टेंपोत घालून घरी आणला. कशासाठी, तर आप्पांच्या गुडघ्यांसाठी. जन्मभर ओल्या सिमेंटवर गुडघे टेकून लोकांची घरं फरशीची केली, आता ते गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे वाजायचे. सकाळी खाटेवरून उठताना आप्पा कुणी बघत नाही ना ते आधी बघून घ्यायचे.

"दादा! आलास! बघ बघ, पाय जपून टाक, रेघ पुसशील!"

दादानं खाली पाहिलं आणि त्याला हसूच आलं. बैठकीच्या खोलीत मधोमध खडूनं चौकोन आखलेला. हा या घरचा कायदा. आजोबा गवंडी होते, हे घर त्यांनी स्वतःच्या हातानं चढवलेलं. ते म्हणायचे, तोंडानं जागा ठरत नसते. कपाट असो, चूल असो की नव्या सुनेची खाट, आधी जमिनीवर खडूनं आखायचं, मग घरातल्या सगळ्यांनी आत उभं राहून बघायचं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत भिंतीत एक खिळा ठोकायचा नाही, आणि दुसऱ्याची रेघ पुसायची नाही. आजोबा गेले, कायदा राहिला.

"हा माझा," मासोळी चौकोनात उभी राहून म्हणाली. "बैठकीत. काचेचं दार इकडं. आप्पा आत बसतील, आम्ही बाहेर बसू, गप्पा चालू."

"म्हणजे आप्पा आत पंचा नेसून, आणि बाहेर पाहुणे चहा पिताहेत?" दादा म्हणाला.

"काचेला पडदा लावू!"

"पडदा लावायचा तर काच कशाला?"

जिन्यावरून आवाज आला, "सांग तिला, मी सकाळपासून सांगतोय." हा शॉक. धाकटा भाऊ, वायरमन. पहिल्याच कामावर असा चिकटला होता की नाव तेव्हापासून तेच. "दादा, तू वर ये. माझा चौकोन गच्चीशेजारच्या खोलीत. हवा खेळती, वरून मोकळं, आणि शेगडीला लागते तशी जाड वायर मी कालच ओढली."

"एकमत व्हायच्या आधी?"

"खिळा ठोकला नाहीये. वायर नुसती सोडलीय. लोंबतेय."

"आणि ज्याचे गुडघे शेकायचेत तो माणूस जिना चढून जाणार?"

शॉकची बायको, नर्सबाई, जिन्याखालून डोकं बाहेर काढून हसली. ती दवाखान्यात नर्स, म्हणून घरातही नर्सबाईच. "हेच मी म्हणते. जिन्याखाली बघा. माझी खोली समोर. आप्पा आत बसले की माझं लक्ष राहील. डॉक्टरांना विचारलंय मी. थोडा वेळ बसायचं, पाणी प्यायचं, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच बाहेर."

दादा तिच्या चौकोनात उभा राहिला आणि जिन्याच्या पायरीवर डोकं आपटून खाली बसला.

"बसूनच घ्यायचा असतो सॉना," नर्सबाई म्हणाली, पण तिचं तिलाच पटलं नाही.

चौथा चौकोन स्वयंपाकघरात होता, आणि त्याच्या मधोमध खुर्ची टाकून आत्या बसली होती. आप्पांची थोरली बहीण, सगळ्या घराची आत्या. "मी काही मागत नाही," ती म्हणाली. "मी जिथं बसते तिथंच बांधा. मला उठायला लावू नका म्हणजे झालं. म्हातारपणी शेक मिळाला तर कोण नको म्हणतंय?"

"आत्या, ओट्याला हात पोचणार नाही मग आईचा."

"मग तिलाही घ्या आत."

असं ते घर झालं होतं. जिथं पाय टाकावा तिथं रेघ. आणि नुसत्या रेघा नव्हत्या, पक्ष होते. बैठकीच्या बाजूनं मासोळी, आणि तिच्याकडून हो म्हणायला आई. गच्चीच्या बाजूनं शॉक एकटा, कारण त्याची बायकोच जिन्याखाली. आणि आत्या ज्याचं पारडं जड त्याच्या बाजूला, पण खुर्चीवरून न उठता. सकाळपासून तीनदा युत्या मोडल्या होत्या. निकाल लागेना तेव्हा मासोळी म्हणाली, दादाला बोलवा, पाण्याचं आणि भिंतीचं त्याला कळतं. सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा पेपरातून मान वर न काढता म्हणाले होते, "नळवाले गावात पुष्कळ आहेत." पण नको म्हणाले नव्हते. आणि या घरात नको न म्हणणं म्हणजे पायघड्या घालणं.

"आप्पा कुठं आहेत?" दादानं शेवटी विचारलंच.

"पुढच्या खोलीत," आई म्हणाली. "गिऱ्हाइकाची वाट बघताहेत."

पुढची खोली म्हणजे आप्पांचं दुकान. भिंतीभर फरश्यांचे नमुने लावलेले, कोपऱ्यात फरशी भिजवायचा सिमेंटचा हौद, वर नळ, खाली मोरी. तिथं कुणीही चौकोन आखला नव्हता. आखायची कुणाची छाती? गुडघे गेल्यापासून आप्पांनी काम घेतलं नव्हतं, पण रोज सकाळी नमुने पुसून ते खुर्ची मांडून बसायचे. आता गिऱ्हाईक येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

दादा बोळातून मागं गेला. मागं त्याची खोली होती. म्हणजे एकेकाळची. तिथं तरी कुणाचा चौकोन असेल म्हणून त्यानं दार ढकललं.

रेघ नव्हती. काहीच नव्हतं. खोली झाडूनपुसून लख्ख, आणि रिकामी ठणठणीत. ना खाट, ना कपाट, ना एखादं गाठोडं. त्याला वाटलं होतं, निदान अडगळ तरी असेल. माणसाच्या खोलीत अडगळ भरली तर समजतं, घराला जागा हवी होती. पण ही अशी धुऊन काढलेली खोली! जणू इथं कधी कुणी राहिलंच नव्हतं.

मग त्याच्या आतला कारागीर जागा झाला. दुखलं की तो कामाकडं बघायचा, ही त्याची जुनी खोड. त्यानं भिंतीवर बोटाची टिचकी वाजवली, छताकडं पाहिलं, खिडकी उघडून लावली. शेजारी न्हाणीघर. भिंतीपलीकडं मीटरची पेटी. दगडी फरशी, आजोबांच्या हातची, एकाही सांध्याला फट नाही. छत बुटकं, म्हणजे गरम हवा वर पळून वाया जाणार नाही. एक बाहेरची भिंत, म्हणजे हवा आत घ्यायला आणि बाहेर सोडायला भोकं पाडायची सोय. जिना नाही, पायरी नाही. यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती.

"अगं मासोळे," त्यानं हाक मारली. "खडू आण."

सगळे खडूच्या मागोमाग आले. दादानं उकिडवं बसून चौकोन आखला. रेघ अशी सरळ की पट्टी लाजावी. "इथं. दुसरीकडं कुठं बघायचंच नाही. अख्ख्या घरात हीच जागा."

बायको दारात उभी होती. तिनं दादाकडं असं पाहिलं की त्यानं खाली बघून रेघ पुन्हा गिरवली. कारण तिला कळलं होतं. हा माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं दार लावून घेत होता, आणि वर काम चोख झालं म्हणून छाती काढत होता.

"खरंच की," नर्सबाई म्हणाली. "माझ्या खोलीपासून चार पावलं."

"वायर तर इकडं हातभरच लागेल," शॉक म्हणाला. गच्चीतल्या लोंबत्या वायरीला तो तिथल्या तिथं विसरला.

"गप्पा कशा मारायच्या मग?" मासोळी पुटपुटली, पण तीही चौकोनात जाऊन उभी राहिली. पाठोपाठ शॉक, नर्सबाई. आई दारापर्यंत आली, पण आत आली नाही. हातातली घडी घातलेली चादर तिनं छातीशी धरली होती.

"काय चाललंय?" मागून आवाज आला.

आप्पा भिंतीला हात लावत लावत आले होते. सगळ्यांनी वाट दिली. आप्पांनी चौकोन पाहिला, चौकोनातली माणसं पाहिली आणि दादाला सोडून बाकी सगळ्यांकडं बघत म्हणाले, "इथं नाही जमायचं."

"का आप्पा?" मासोळी म्हणाली.

"बाहेरची भिंत आहे. सगळी ऊब बाहेर जाईल."

"आतून लोकर आणि चंदेरी पत्रा लावला की नाही जात," दादा मासोळीला म्हणाला.

"विजेचा भार झेपायचा नाही या बाजूला," आप्पा शॉकला म्हणाले.

"पेटी भिंतीमागंच आहे. झेपेल," दादा शॉकला म्हणाला. शॉक मधल्या मध्ये चेंडू झाला होता.

"फरशी तडकेल उष्णतेनं."

"ही? ही आजोबांची आहे. हत्ती नाचला तरी तडकायची नाही, आणि शेगडी पायावर उभी असते."

"खिडकीतून शेजारी बघतील!"

"खिडकी बुजवायचीच असते, आप्पांना सांगा."

"या घरात काय बुजवायचं ते मी ठरवीन!" आप्पा ओरडले, आणि या वेळी थेट दादाकडं वळून. "तुला काय कळतंय रे? चार वर्षांनी येतोस आणि घराला भोकं पाडतोस?"

चार वर्षांत पहिल्यांदा आप्पा त्याच्याशी बोलले होते. शिवी का असेना, पत्त्यावर पोचली होती. आत्यानं स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "बोलला का? बोलला का तो?" आणि ती खुर्चीवरून उठली. घरातलं सकाळपासूनचं ते पहिलंच आश्चर्य.

"भोकं मी पाडत नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढायला लागला होता. "मला विचारलं, मी सांगितलं. जागा चांगली आहे. तुम्ही सांगताय त्यातलं एकही कारण खरं नाही."

"झालं!" बायको हळूच म्हणाली. "जीभ आली."

आप्पांचा हात भिंतीवर होता. ते म्हणाले, "ओल आहे या भिंतीला. लाकूड कुजेल."

"कुठं आहे ओल?" हा प्रश्न दादाचा नव्हता, शॉकचा होता. "नाही आप्पा, आज कळूच दे. मी दोनदा ही खोली मागितली. एकदा वायरची रिळं ठेवायला. म्हणालात ओल आहे. एकदा नर्सबाईच्या बहिणीला उतरायला मागितली, म्हणालात ओल आहे. माझी रिळं जिन्यावर, आत्याच्या गाद्या कपाटावर, मासोळीच्या पोहायच्या फळ्या आणि चष्मे न्हाणीघरात. काडेपेटी ठेवायला जागा नाही घरात, आणि ही खोली तुम्ही रोज झाडून घेता, फरशी पुसून घेता. ओल असलेली खोली कोण पुसतं? दादा, तू बघ आणि सांग. आहे का ओल?"

सगळे दादाकडं बघायला लागले. आप्पा सोडून. आप्पा फरशीकडं बघत होते.

दादानं तळवा भिंतीवर ठेवला. भिंत कोरडी ठणठणीत होती. उन्हानं थोडी कोमट लागली. त्यानं हात काढला नाही. चार वर्षं झाडलेली खोली. दोनदा मागितली, दोनदा दिली नाही. गाद्या कपाटावर राहिल्या, पण इथं एक पिशवी ठेवू दिली नाही कुणाला. आणि आपण मघाशी दारात उभं राहून काय समजलो? आपल्याला धुऊन काढलं असं समजलो. अरे गाढवा, तो म्हातारा जागा धरून बसलाय.

आणि आता पुन्हा तेच. चार माणसांत आप्पांनी एक खोटं सांगितलंय, आणि खरं काय ते सांगायला उभा केलाय त्यालाच. तेव्हा गिऱ्हाईक होतं, आज घर. आहे ओल, म्हणावं आणि सुटावं. सगळे मानतील. नळवाल्यानं ओल आहे म्हटल्यावर कोण तपासायला जातं? त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण ओठापर्यंत आलेलं खोटं तिथंच अडकलं. त्याच्या नरड्याची बांधणीच तशी नव्हती.

"ओल नाही," दादा म्हणाला. "भिंत कोरडी आहे."

आप्पांनी मान हलवली, हळू, स्वतःशीच, आणि जायला वळले. गुडघा कडकन वाजला.

"पण सॉना इथं बसवता येणार नाही," दादा म्हणाला.

"आता आणि काय?" मासोळी वैतागली. "तूच तर म्हणालास, अख्ख्या घरात हीच जागा!"

"जागा चांगलीच आहे. पण रिकामी नाहीये."

"रिकामी नाही? अरे, हे काय मग? इथं आहे कोण?"

"मी," दादा म्हणाला. मग बायकोकडं बघून, "म्हणजे आम्ही. खोली आमची आहे. कुणाला काही अडचण नसेल तर." हे शेवटचं तो कुणाला म्हणाला त्याचं नाव घ्यायची गरज नव्हती.

आईनं छातीशी धरलेली चादर खोलीतल्या फरशीवर ठेवली. नुसती ठेवली, जशी आपल्या माणसाच्या खोलीत ठेवतात.

"मला कुणी विचारलं का?" बायको म्हणाली. "नवरा मोठा! भिंतीला विचारलं, फरशीला विचारलं, बायको राहिली."

"आता विचारतो."

"आता काय विचारता, अख्ख्या वरातीपुढं नाही म्हणू?" तिचा आवाज भरला होता, म्हणून तिनं तो जास्तच करडा केला. "माझं शिलाई मशीन खिडकीशी लागेल. उजेड मला हवा. खिडकी बुजवायची भाषा पुन्हा काढलीत तर बघा."

"नाही काढत."

"आणि पडदे माझे."

"घाल बाई पडदे, हवे तर दोन-दोन घाल," आत्या मागून म्हणाली. "पण आधी त्या म्हाताऱ्याला कुणीतरी धरा. असा उभा आहे की आत्ता पडेल."

आप्पा पाठमोरे उभे होते. एक हात भिंतीवर, दुसरा डोळ्यांवर. शॉक पुढं झाला, पण आप्पांनी त्याचा हात झटकला. "धरायला काय झालंय? धूळ गेलीय डोळ्यात," ते म्हणाले. "काय ती धूळ घरात! बायका झाडतात की नुसत्या बोलतात?" त्या खोलीत धुळीचा कण नव्हता. रोज आप्पाच ती झाडून घेत होते, पण या वेळी कुणीच त्यांना खोट्यात पाडलं नाही. दादासुद्धा नाही. धूळ ही काही त्याच्या धंद्यातली गोष्ट नव्हती.

मग आप्पा चालायला लागले. बोळातून, सॉनाच्या भिंतींच्या मधून, एक एक पाऊल टाकत. सगळे मागं. ते थेट पुढच्या खोलीत गेले आणि नमुन्यांच्या भिंतीसमोर उभे राहिले. निळ्या, पांढऱ्या, खडबडीत, गुळगुळीत, कितीतरी फरश्या. काही तर आता बाजारात मिळतही नव्हत्या.

"इथं बसवा," आप्पा म्हणाले.

मासोळी म्हणाली, "आप्पा, इथं कसा? हे तुमचं दुकान."

"इथं गिऱ्हाईक बसतं," नर्सबाईही म्हणाली. ती रोज त्यांना गोळ्या द्यायची आणि रोज हेच म्हणायची.

आप्पांनी हात वर करून तिला थांबवलं आणि दादाकडं वळले. "तू सांग. इथं गिऱ्हाईक येतं?"

दादानं खोलीकडं पाहिलं. मांडलेली खुर्ची, पुसलेले नमुने, कोरडा हौद. त्याला आठवलं, तोही याच हौदात फरश्या बुडवत मोठा झाला होता. बुडबुडे यायचे थांबले की फरशी तयार, हे आप्पांनीच शिकवलं होतं.

"नाही येत, आप्पा," तो म्हणाला. "आता नाही येणार."

आप्पांनी एक लांब श्वास सोडला. सगळ्यांना वाटलं, झालं, आता पुन्हा चार वर्षं. पण आप्पा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बरं झालं बाबा एकदा कुणीतरी बोललं. रोज सकाळी ते नमुने पुसून पुसून खांदे आलेत भरून. तुम्ही सगळे गप्प, मग मला वाटायचं, येत असेल एखादं." आणि ते हसले. कोरडं, खोकल्यासारखं हसू, पण हसूच. "जागा कशी आहे? खरं सांग. मागच्या खोलीइतकी चांगली?"

दादा कामाला लागला. भिंत ठोकली, छत बघितलं, मोरीत पाय घालून उतार पाहिला. "नाही. छत उंच आहे, त्याच्याखाली खोटं छत टाकावं लागेल. रस्त्याकडची भिंत पातळ. वायर लांबून ओढावी लागेल."

"ती गच्चीतली लोंबतेय की," आत्या म्हणाली.

"पण मोरी आहे, पाणी आहे, पायरी नाही," दादा म्हणाला. "शेकून बाहेर आलं की तिथंच अंगावर थंड पाणी घेता येईल."

"त्या हौदातच बुडवा ना त्याला," आत्या म्हणाली. "बुडबुडे यायचे थांबले की तयार."

सगळ्यांत आधी आप्पाच हसले. मग आई हसली, आणि मग हसू कुणाच्याच हातात राहिलं नाही. नर्सबाई तेवढी ओरडत होती, "आत्या, असं बोलू नये, असं बोलू नये!"

हसणं ओसरल्यावर दादा म्हणाला, "बसेल इथं. पण काम जास्त पडेल, आप्पा. एका सुट्टीचं नाही हे."

"मग घाई कुणाला आहे?" आप्पा म्हणाले. "तू इथंच आहेस ना आता."

शॉक खडू आणायला पळाला. आप्पांनी त्याला थांबवलं. खडू त्यांच्या खिशातच होता. गुडघे टेकायला जमलं नाही, तेव्हा त्यांनी तो दादाच्या हातात दिला आणि खुर्चीत बसूनच बोट करून आखून घ्यायला सुरुवात केली. "तिथून नको. आणखी डावीकडं. अरे डावीकडं, तुझ्या डावीकडं नाही, माझ्या!"

"माणसाची डावी बाजू एकच असते, आप्पा."

"आली बघ जीभ," बायको म्हणाली.

"असू दे," आप्पा म्हणाले. "आणि हे बघ, आतली फरशी मी सांगेन तशी घालायची. उतार मी काढून देणार."

"काढा. मी पाणी ओतून बघणार."

"बघ की! बादलीभर ओतून बघ. चुकला तर तोंडावर सांग, आणि मग तूच उपटून पुन्हा घाल. मी इथं बसून चुका काढतो. फार वर्षांनी मला ते काम मिळतंय." त्यांनी पाय लांब केले, गुडघा दोन्ही हातांनी दाबला आणि आत ओरडले, "अगं, चहा टाक. आणि मागच्या खोलीत खाट लावायची आहे आधी. शॉक, तू आणि मासोळी जा. सॉना काय, उद्या होईल."